एक लाख एकतीस हजारांचा उपांत्य सामना: १३ जुलै १९९७ कशासाठी आठवायचा?

१/
१३ जुलै १९९७. कोलकात्याचे सॉल्ट लेक स्टेडियम. फेडरेशन चषकाचा उपांत्य सामना, मोहन बागान विरुद्ध ईस्ट बंगाल. नोंदली गेलेली प्रेक्षकसंख्या १,३१,७८१. भारतात एखाद्या सामन्याला जमलेली ही सर्वांत मोठी गर्दी मानली जाते. निकाल होता ईस्ट बंगाल ४, मोहन बागान १. हा धागा त्या निकालाविषयी थोडा आणि त्या गर्दीविषयी अधिक आहे.

२/
प्रारंभी एक प्रश्न. त्या वर्षीचा फेडरेशन चषक जिंकला कोणी? भारतीय फुटबॉलचे जाणकारही येथे क्षणभर थबकतात. उत्तर आहे, गोव्याचा साळगावकर क्लब. अंतिम सामन्यात त्यांनी याच ईस्ट बंगालला २-१ असे हरवले. म्हणजे ज्यांनी उपांत्य सामन्यात इतिहास घडवला, ते करंडकाविना परतले. आणि ज्यांनी करंडक उचलला, त्यांचे नाव गोव्याबाहेर फारसे कोणाच्या ओठांवर नाही.

३/
हा केवळ स्मृतीचा विनोद नाही. क्रीडेचा इतिहास आपल्याकडे बहुधा विजेत्यांच्या याद्यांतून लिहिला जातो: वर्ष, विजेता, उपविजेता, गोलसंख्या. त्या याद्यांत समर्थकांसाठी रकाना नसतो. परंतु बंगालच्या फुटबॉलमध्ये इतिहास घडवणारा मोठा घटक मैदानाबाहेर, पायऱ्यांवर बसलेला होता. तो वगळला, तर १९९७ चा उपांत्य सामना एका पराभूत उपविजेत्याच्या वाटचालीतील एक टप्पा एवढाच उरतो.

४/
मोहन बागानची स्थापना १५ ऑगस्ट १८८९ ची. २९ जुलै १९११ रोजी या क्लबने आयएफए शील्डच्या अंतिम सामन्यात ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटचा २-१ असा पराभव केला. भारतीय संघाने गोऱ्या पलटणीला शील्डच्या अंतिम सामन्यात नमवण्याची ती पहिली वेळ. एक अपवाद सोडला तर सारे खेळाडू अनवाणी खेळले होते. ही कथा सर्वांना ठाऊक असते. कमी सांगितली जाणारी बाब अशी की, त्या अकरा जणांपैकी अनेकांची मूळ घरे पूर्व बंगालमध्ये होती.

५/
म्हणजे १९११ मध्ये मोहन बागान हा ‘पश्चिमेचा’ क्लब नव्हता. तो साऱ्या बंगालचा होता. भेदाची रेघ नंतर उमटली. जुलै १९२० मध्ये कूचबिहार चषकातील मोहन बागानविरुद्धच्या सामन्यासाठी जोडाबागान क्लबने शैलेश बोस या खेळाडूला वगळले. क्लबचे उपाध्यक्ष सुरेशचंद्र चौधुरी यांना तो निर्णय मान्य झाला नाही. बोस पूर्व बंगालचे असल्यामुळे डावलले गेले, अशी भावना त्यामागे होती. चौधुरी बाहेर पडले आणि १ ऑगस्ट १९२० रोजी ईस्ट बंगाल क्लब स्थापन झाला.

६/
संघनिवडीतील एका नावावरून निर्माण झालेला हा दुरावा कदाचित काळाच्या ओघात विरूनही गेला असता. १९४७ ने त्याला वेगळेच वजन दिले. फाळणीनंतर पूर्वेकडून लाखो माणसे कोलकात्यात आली. जादवपूरजवळील विजयगडसारख्या वसाहती महायुद्धकाळातील रिकाम्या लष्करी बराकींतून उभ्या राहिल्या. घर, शेत, नदी, गाव सारे सीमेपलीकडे राहिले होते. नव्या शहरात बोलीवरून ओळखले जाणे आणि हसले जाणे नित्याचे झाले होते.

७/
अशा माणसांना एका क्लबच्या नावात हरवलेल्या प्रदेशाचे नाव सापडले. नकाशावरून ‘ईस्ट बंगाल’ पुसले गेले, ते प्रथम पूर्व पाकिस्तान आणि पुढे बांगलादेश झाले. फुटबॉलच्या गुणतक्त्यात मात्र ते नाव टिकून राहिले. शनिवारी वा रविवारी ते नाव जिंकू शकत होते. निर्वासिताला दैनंदिन जीवनात अशी संधी क्वचितच मिळे. लाल-सोनेरी रंगांवरील प्रेमाचे मूळ खेळाच्या आवडीइतकेच या वास्तवातही आहे.

८/
शहराने दोन बाजूंना नावे दिली. पश्चिमेचे मूळ रहिवासी ते ‘घोटी’, पूर्वेकडून आलेले ते ‘बांगाल’. मैदानातील वैर स्वयंपाकघरातही पोहोचले. ईस्ट बंगाल जिंकला की बाजारात हिल्साला मागणी, मोहन बागान जिंकला की कोळंबीला. दोन्ही बाजूंच्या घरांत लग्ने झाली, तेव्हा सासर आणि माहेर यांच्यातील थट्टेलाही हाच विषय पुरला. एका मोठ्या जखमेवर शहराने शोधलेला हा घरगुती उपाय होता.

९/
मात्र तरुण वाचकांनी एक सावधगिरी बाळगावी. ‘घोटी विरुद्ध बांगाल’ हे सूत्र आकर्षक आहे, संपूर्ण नाही. कोलकात्याच्या फुटबॉलमध्ये मोहम्मेडन स्पोर्टिंग हे तिसरे बलाढ्य नाव आहे. कलकत्ता लीग जिंकणारा पहिला भारतीय क्लब हाच, आणि १९३४ ते १९३८ अशी सलग पाच वर्षे त्याने ती जिंकली. शिवाय दोन्ही मोठ्या क्लबांचे खेळाडू देशभरातून आणि देशाबाहेरून येत. पिढ्या बदलल्या तशी समर्थकांची सरमिसळही झाली. भेदाची ओळख उरली, पण ती रक्तापेक्षा निवडीची अधिक झाली.

१०/
या प्रेमाची दुसरी बाजूही इतिहासात आहे. १९७५ च्या आयएफए शील्डच्या अंतिम सामन्यात ईस्ट बंगालने मोहन बागानला ५-० असे चिरडले. त्या पराभवानंतर मोहन बागानच्या एका तरुण समर्थकाने स्वतःचे जीवन संपवले. पाच वर्षांनी, १६ ऑगस्ट १९८० रोजी, ईडन गार्डन्सवर या दोन संघांच्या लीग सामन्यात मैदानावर खेळाडूंची झटापट झाली. प्रेक्षागारात हाणामारी उसळली, चेंगराचेंगरी झाली आणि १६ प्रेक्षक मृत्युमुखी पडले. सामना पाहायला घरून निघालेली १६ माणसे परतली नाहीत.

११/
तो दिवस बंगालमध्ये आजही फुटबॉलप्रेमी दिन म्हणून पाळला जातो आणि त्या दिवशी रक्तदान शिबिर भरते. कोणत्या क्लबच्या समर्थकाचे रक्त कोणाला मिळेल, हे तेथे विचारले जात नाही. १९९७ च्या गर्दीकडे पाहताना ही १७ वर्षांपूर्वीची घटना डोळ्यांसमोर ठेवायला हवी. त्या दिवशी सॉल्ट लेकच्या पायऱ्यांवर बसलेल्या प्रौढांपैकी बहुतेकांना १९८० चांगलेच आठवत असणार. तरीही ते आले होते.

१२/
आता १९९७ कडे. दोन्ही संघांच्या प्रशिक्षकांभोवतीच अर्धे कथानक फिरते. मोहन बागानकडे होते अमल दत्त. स्वतःच्या खर्चाने इंग्लंडला जाऊन प्रशिक्षणाचे शिक्षण घेतलेला, परदेशी सामन्यांच्या चित्रफिती आणून लोकांना दाखवणारा, बोलण्यात तिखट असा हा माणूस. ईस्ट बंगालकडे होते प्रदीपकुमार बॅनर्जी, म्हणजेच पी. के. १९६० च्या रोम ऑलिंपिकमधील भारतीय कर्णधार आणि १९६२ च्या आशियाई सुवर्णविजेत्या संघाचे खेळाडू.

१३/
येथे एक मौज आहे. पी. के. खेळाडू म्हणून या दोन क्लबांपैकी एकाकडूनही कधी खेळले नाहीत. त्यांची कारकीर्द प्रामुख्याने ईस्टर्न रेल्वेची. अमल दत्त मात्र तरुणपणी खुद्द ईस्ट बंगालकडून खेळले होते. ज्या वैराला रक्ताचे आणि मातीचे वैर म्हटले जाते, त्याचे दोन सेनापती असे होते. एकाची मुळे दोहोंपैकी कोणत्याच छावणीत नव्हती आणि दुसऱ्याची नेमकी समोरच्या छावणीत होती. समर्थकांना यात विसंगती दिसली नाही. जो आज आपल्या बाकावर बसतो तो आपला, हा तेथील साधा न्याय होता.

१४/
दत्तांनी त्या मोसमात ‘डायमंड’ रचना आणली. मधल्या फळीतील चार खेळाडू हिऱ्याच्या चार टोकांवर उभे करायचे: एक बचावफळीपुढे, एक आघाडीच्या मागे, दोघे बाजूंना. चेंडू आपल्याकडे असताना मध्यभागी नेहमी एखादा साथीदार मोकळा मिळतो आणि आक्रमणाला लोंढ्याचे रूप येते. धोका उघड आहे. पुढे गेलेल्यांकडून चेंडू निसटला, तर मागे आणि कडांना मोठी मोकळी जागा उरते. उपांत्यपूर्व फेरीत गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सचा ६-० असा धुव्वा उडाला, तेव्हा धोक्याची चर्चा मागे पडली. शहरात हिऱ्याचेच नाव गाजू लागले.

१५/
मग आला तो शब्दांचा आठवडा. दत्तांनी वृत्तपत्रांतून प्रतिस्पर्ध्यांची नावे बिघडवली. केनियाचा बचावपटू सॅमी ओमोलो त्यांच्या बोलण्यात ‘ऑम्लेट’ झाला. सिक्कीमहून आलेला, विशीतला बायचुंग भुतिया ‘चुंग चुंग’ झाला. छापील शब्दांनी आग पसरली आणि तिकिटांसाठी झुंबड उडाली. पी. के. आपल्या खेळाडूंना चेतवणाऱ्या भाषणांसाठी प्रसिद्ध होतेच. समोरच्याची ती वाक्येच त्यांनी आपल्या संघापुढे ठेवली, असे या सामन्याच्या आठवणींत वारंवार येते.

१६/
सामना थोडक्यात. पूर्वार्धात नाझिमुल हकने ईस्ट बंगालला आघाडी मिळवून दिली. बायचुंगने दुसरा गोल केला. मोहन बागानच्या चिमा ओकोरीने एक गोल फेडला आणि अर्धे स्टेडियम पुन्हा उभे राहिले. त्यानंतर हिऱ्याच्या मागे राहिलेल्या मोकळ्या जागेत बायचुंग आणखी दोनदा धावला आणि दोन्ही वेळा चेंडू जाळ्यात गेला. ज्याचे नाव बिघडवले गेले होते, त्याच्याच नावावर तीन गोल लागले. नाटककाराने असा शेवट लिहिला असता, तर प्रेक्षकांनी तो ओढूनताणून आणलेला म्हटला असता.

१७/
या कथेचे आज जे रूप फिरते त्यात ‘ऑम्लेट’ आणि ‘चुंग चुंग’ यांना मानसिक डावपेच म्हणून गौरवले जाते. येथे थांबायला हवे. ईशान्येकडील आणि सिक्कीमसारख्या हिमालयी प्रदेशांतील माणसांना त्यांच्या नावांवरून आणि चेहऱ्यांवरून हिणवण्याची सवय या देशात जुनी आहे. ‘चुंग चुंग’ ऐकून जे हसू उमटले, ते पूर्णपणे फुटबॉलचे हसू नव्हते. दत्त हे भारतीय फुटबॉलमधील कल्पक प्रशिक्षकांपैकी एक होते, हे निर्विवाद आहे. त्यांच्या हिऱ्याचे कौतुक करताना त्या शब्दांचे समर्थन करण्याची गरज नाही.

१८/
समर्थकांच्या वैराची मर्यादा येथेच दिसते. ‘तुमचा संघ हरेल’ असे म्हणणे हा खेळाचा भाग आहे. ‘तुझे नाव हास्यास्पद आहे’ असे म्हणणे हा वेगळा प्रकार आहे. तो माणसाला संघातून बाहेर काढून त्याच्या जन्माकडे नेतो. १९२० मध्ये शैलेश बोस यांना वगळल्यावर जी भावना दुखावली गेली, ती याच जातीची होती. त्या भावनेतून एक क्लब जन्माला आला. ७७ वर्षांनी त्याच क्लबच्या सिक्कीममधून आलेल्या खेळाडूला तोच अनुभव यावा, हा योगायोग विचार करायला लावणारा आहे.

१९/
आणि याच बायचुंगने पुढे मोहन बागानची हिरवी-मरून जर्सीही घातली. ज्या समर्थकांच्या स्वप्नांचा त्याने त्या दिवशी चुराडा केला, त्यांनीच नंतर त्याच्या गोलांवर जल्लोष केला. वैर इतके खोल असूनही त्याला दार होते, हे यातून दिसते. फाळणीच्या वैराला असे दार नव्हते. सीमेपलीकडे राहिलेले घर परत मिळत नाही. समोरच्या क्लबचा खेळाडू मात्र पुढच्या मोसमात आपला होऊ शकतो. फुटबॉलने शहराला वैराचा सौम्य, परतीची वाट असलेला प्रकार दिला.

२०/
यावर आक्षेप असा घेतला जातो: अशी झुंडनिष्ठा मुळातच धोकादायक आहे आणि १९८० हा त्याचा पुरावा आहे. आक्षेप हलका नाही. परंतु १६ जणांचा बळी घेणाऱ्या घटनेचा सारा भार समर्थकांच्या भावनेवर टाकला, की प्रेक्षकांची बैठकव्यवस्था, बाहेर पडण्याच्या वाटा आणि बंदोबस्त हे प्रश्न झाकले जातात. भावना १९९७ मध्येही तेवढीच प्रखर होती आणि माणसे कितीतरी अधिक होती. तरी १९८० ची पुनरावृत्ती झाली नाही. गर्दी म्हणजे आपत्ती, हे समीकरण इतक्या सहज मांडता येत नाही.

२१/
याहून मोठे उत्तर २०२४ ने दिले. ९ ऑगस्ट रोजी कोलकात्याच्या आर. जी. कर वैद्यकीय महाविद्यालयात एका तरुण महिला डॉक्टरवर बलात्कार करून तिची हत्या करण्यात आली. शहर रस्त्यावर उतरले. १८ ऑगस्टला ड्युरँड चषकात मोहन बागान आणि ईस्ट बंगाल समोरासमोर येणार होते. सुरक्षेचे कारण देऊन सामना रद्द झाला. त्या संध्याकाळी दोन्ही क्लबांचे समर्थक, आणि त्यांच्यासोबत मोहम्मेडनचेही, सॉल्ट लेक स्टेडियमबाहेर न्यायाची मागणी करत एकत्र जमले. पोलिसांनी लाठीमार केला.

२२/
त्या दिवसाचे एक छायाचित्र देशभर पोहोचले. मोहन बागानच्या समर्थकाच्या खांद्यावर ईस्ट बंगालचा समर्थक बसलेला. शंभर वर्षे एकमेकांना डिवचणाऱ्या दोन समूहांना एकत्र येण्यासाठी कोणतीही समेटाची बैठक घ्यावी लागली नाही. कारण ते एकमेकांना उत्तम ओळखत होते. ज्यांच्याशी दर मोसमात भांडण होते त्यांचे आवाज, त्यांच्या घोषणा, त्यांची चिकाटी सारे परिचयाचे असते. अनोळखी माणसांना जमवायला वेळ लागतो. या प्रतिस्पर्ध्यांना तो लागला नाही.

२३/
महाराष्ट्रात हे समजायला कोल्हापूर पुरेसे आहे. खंडोबा तालीम मंडळ, पाटाकडील तालीम मंडळ अशा नावांनी तेथे फुटबॉल खेळला जातो. कुस्तीची तालीम आणि पेठेचा अभिमान यांतूनच तेथील संघ उभे राहिले. शाहू स्टेडियमवर पेठांची ईर्ष्या पाहिलेल्या माणसाला कोलकात्याचे वेड परके वाटत नाही. आपल्या गावातील अशा सामन्यांच्या तिकिटांचे तुकडे, वृत्तपत्रांतील कात्रणे, वृद्ध समर्थकांच्या आठवणी जपणे हे तरुण इतिहासप्रेमींच्या हातचे काम आहे. विजेत्यांची यादी कोणीतरी ठेवतेच, बाकीचे हरवते.

२४/
सॉल्ट लेकच्या नूतनीकरणानंतर तेथील आसने पूर्वीच्या जवळपास निम्म्यावर आली आहेत. त्यामुळे १,३१,७८१ हा आकडा त्या मैदानावर आता मोडला जाणार नाही. तो अभिमानाने सांगितला जाईलच. सांगताना त्याच्या अलीकडचे १६ आणि पलीकडचा १८ ऑगस्ट २०२४ हेही सोबत सांगावे. एका घटनेत वैराने माणसे मारली, दुसरीत वैऱ्यांनी एकमेकांना खांद्यावर घेतले. १३ जुलै १९९७ चा सामना या दोहोंच्या मधे उभा आहे आणि तेथूनच तो नीट दिसतो.

२५/
त्या दिवशीच्या समर्थकांना चषक मिळाला नाही. तो गोव्याला गेला. मोहन बागानच्या समर्थकांना तर मान खाली घालून घरी जावे लागले. तरीही दोन्ही बाजूंचे लोक आज ‘मी तेथे होतो’ हे सारख्याच अभिमानाने सांगतात. हरलेल्यांनाही जो सामना आपला वाटतो, त्याची नोंद केवळ ४-१ अशी करून भागत नाही.

(धागा समाप्त)